युद्धात ‘सैन्याला फ्री हँड दिला’ म्हणजे नेमकं काय दिलं?

गंगापूर_रोडवाला (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड फिरतंय, की अमक्या पंतप्रधानांनी सैन्याला फ्री हँड दिला म्हणून जिंकलो आणि तमक्यांनी हात बांधून ठेवले म्हणून हरलो. खाली अंगठ्यांची रांग. मी तिथे वाद घालत नाही, सकाळी लिफ्टमध्ये तीच मंडळी भेटतात, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं असं की युद्धात पूर्ण फ्री हँड कोणीच कोणाला दिलेला नाही आणि देऊही नये. लढाई कशी करायची ते जनरल ठरवणार, पण कशासाठी करायची, कुठपर्यंत जायचं, कुठे थांबायचं हे निवडून आलेल्या माणसानेच ठरवायचं असतं. आणि ठरवलं की सेनापतीला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायचे आणि मग निर्णयाखाली स्वतःची सही करायची. बासष्टच्या चीन युद्धात आपलं नेमकं हेच चुकलं असं मला वाटतं.

बासष्टबद्दल सगळे म्हणतात संरक्षणमंत्री मेनन आणि पंतप्रधान नेहरूंनी ढवळाढवळ केली. केलीच. १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी मेननना कंटाळून राजीनामा दिला, नेहरूंनी गोड बोलून तो परत घ्यायला लावला आणि मग संसदेत थिमय्यांनाच चार शब्द सुनावले. त्या दिवसापासून वरच्या अधिकाऱ्यांनी काय धडा घेतला असेल? तोंड उघडलं की मान जाते. नंतर जनरल कौल, ज्यांना प्रत्यक्ष लढाईत तुकडी चालवण्याचा अनुभव जवळजवळ नव्हता, ते चौथ्या कोअरचे कमांडर झाले, आणि ऐन ऑक्टोबरात आजारी पडून दिल्लीला आले तर घरी अंथरुणावरून ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीकाठची लढाई चालवत होते!!

पण मला त्याहून गंभीर वाटतो तो २२ सप्टेंबर १९६२ चा प्रसंग. चिन्यांना त्याच सीमेवरच्या थागला डोंगरावरून हुसकून लावायचं असं ठरत होतं. मेनन न्यूयॉर्कला, नेहरू लंडनला. लष्करप्रमुख थापर यांनी सांगितलं की इकडे हात घातला तर चीन लडाखमध्ये उत्तर देईल. त्यावर वरून उत्तर आलं की फार काही होणार नाही. थापर म्हणाले मग लेखी द्या. आणि लेखी आदेश मिळाला, त्यावर सही कोणाची? संरक्षण खात्यातल्या एका जॉइंट सेक्रेटरीची. एवढ्या मोठ्या देशाला युद्धाकडे नेणारा कागद आणि त्याखाली ना पंतप्रधान ना मंत्री. १२ ऑक्टोबरला नेहरू कोलंबोला जाता जाता पालमवर पत्रकारांना बोलून गेले की सैन्याला आपला प्रदेश मोकळा करायला सांगितलंय, आणि २० तारखेला चीनचा हल्ला आला. याला ढवळाढवळ म्हणायचं की वाऱ्यावर सोडणं? मला तर दुसरंच वाटतं.

आता आपल्या नाशिकचा संबंध. मेनन गेल्यावर संरक्षणमंत्री झाले यशवंतराव चव्हाण, आणि १९६३ ला लोकसभेवर गेले ते आपल्या नाशिकमधून, बिनविरोध. आजच्या पिढीला हे माहीत नसतं, त्यांना ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ एवढंच पाठ असतं. तर मंडळी, चर्चा करूया, शिव्या नकोत.

मिसळवाला_सिडको

जागा पकडली. पाव सांगितलेत.

ओझरकर

धागा आवडला. यशवंतरावांचं नाव निघालं म्हणून सांगतो, आमच्या ओझरचा मिगचा कारखानाही त्याच काळातला, १९६४. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही तो साहेबांनी आणला असंच म्हणतात.

पण १९६५ चा किस्सा तुम्ही टाकला नाहीत. १ सप्टेंबरला पाकिस्तानने छांबमध्ये रणगाडे घातले, अखनूर गेलं असतं तर काश्मीरची वाटच तुटली असती. दुपारी उशिरा लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग चव्हाणांकडे आले, हवाई दल वापरायची परवानगी मागायला. बासष्टमध्ये कलकत्त्यावर बॉम्ब पडतील या भीतीने लढाऊ विमानं जमिनीवर बसवून ठेवली होती हे लक्षात घ्या. चव्हाणांनी कॅबिनेटची वाट न बघता काही मिनिटांत हो म्हटलं. अंधार पडायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. जुनाट व्हॅम्पायर होती, चार गेली, ती किंमत मोजली, पण त्या संध्याकाळी हल्ल्याचा वेग कमी झाला. शास्त्रींनी नंतर एका शब्दाने विचारलं नाही की मला न विचारता कसं काय. माझ्या मते फ्री हँड म्हणजे हेच.

गंगापूर_रोडवाला

@ओझरकर, धन्यवाद, हे यायलाच हवं होतं. पण बघा ना, इथे परवानगी मागितली गेली आणि मंत्र्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर दिली. म्हणजे हात मोकळा सोडला नाही, हात धरून पुढे केला. फरक आहे. शिवाय ३ सप्टेंबरला शास्त्रींनी उद्दिष्टंसुद्धा ठरवून दिली होती: काश्मीर बळाने घ्यायचा डाव मोडायचा, पाकिस्तानी सैन्याची हल्ला करायची ताकद तोडायची, आणि जमीन लागेल तेवढीच घ्यायची, ती नंतर परत द्यायची. इतकं सुटसुटीत बासष्टला कोणी सांगितलं असतं तर.

सटाणकर

सगळं खरं पण हाजीपीर? २८ ऑगस्टला आपल्या पोरांनी रक्त सांडून खिंड घेतली आणि जानेवारी ६६ ला ताश्कंदला टेबलावर बसून परत. जवान जिंकतो आणि पुढारी घालवतो, ही आपली परंपराच आहे. फौजेला विचारलं असतं तर दिलं असतं का कोणी?

मेधा_कॉलेजरोड

सटाणकर भाऊ, जमीन परत द्यायची हे शास्त्रींनी लढाई सुरू होतानाच ठरवलं होतं, धागाकर्त्यांनी वरच लिहिलंय. हाजीपीर द्यायला नको होतं हे मलाही वाटतं, पण ‘फौजेला विचारलं असतं तर’ हे जपून म्हणा. कारण युद्धबंदीच्या आधी शास्त्रींनी विचारलंच होतं. अजून काही दिवस लढलो तर मोठा विजय मिळेल का, असं त्यांनी जनरल चौधरींना विचारलं आणि चौधरींनी सांगितलं की दारूगोळा बहुतेक संपत आलाय, रणगाडेही बरेच गेलेत. शास्त्रींनी युद्धबंदी मान्य केली. नंतर हिशेब लागला तेव्हा आघाडीवरचा दारूगोळा जेमतेम १४ टक्क्यांच्या आसपास वापरला गेला होता असं पुढे आलं, आणि रणगाडेही पाकिस्तानपेक्षा आपल्याकडे जास्त शिल्लक होते.

म्हणजे इथे नेत्याने सेनापतीचं ऐकलं, अगदी आदर्शपणे ऐकलं, आणि तिथेच गडबड झाली. चौधरींवर खोटेपणाचा आरोप मी करत नाही, लढाईच्या गोंधळात आकडे वरपर्यंत नीट पोचत नाहीत. पण दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, कोठारात किती आहे ते कागदावर मागायला हवं होतं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, मुलं हा मुद्दा ऐकला की हमखास गप्प होतात, कारण त्यांच्या डोक्यात पुढारी कायम व्हिलन असतो.

शंकेखोर

म्हणजे मॅडम, पंतप्रधानाने जनरलच्या गोण्या मोजायच्या का? मग जनरल कशाला ठेवलाय?

मेधा_कॉलेजरोड

गोण्या मोजायच्या नाहीत, कोणी मोजल्या ते विचारायचं. आणि जनरललाही खालचा माणूस विचारतोच की. त्याच युद्धात खेमकरणला पिछेहाट झाल्यावर चौधरींनी बियास नदीपर्यंत मागे या असं सुचवलं होतं आणि पश्चिम कमांडचे हरबक्ष सिंग यांनी साफ नकार दिला असं सांगितलं जातं. मागे गेलो असतो तर अमृतसर उघडं पडलं असतं. त्यानंतर असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचा कसा चुराडा झाला ते सगळ्यांना माहीत आहे. वाद घालणारा माणूस साखळीत प्रत्येक पायरीवर लागतो.

देवळाली_तोफा

नमस्कार. मी तोफखान्यातून रिटायर झालेला, आता नाशिकरोडला असतो, नाव-युनिट विचारू नका. एरवी वाचनमात्र असतो पण आज लिहावं वाटलं.

तुमच्या चर्चेत पंतप्रधान आणि जनरल एवढेच आहेत, मधला एक भाग राहून जातोय तो म्हणजे युद्धाच्या आधीची वर्षं. लढाईच्या दिवशी हात मोकळा देऊन काय करता, हातात द्यायचं काय ते दहा वर्षं आधी ठरलेलं असतं. सुनेला म्हणायचं स्वयंपाकघर तुझं आणि किराण्याच्या डब्यांच्या किल्ल्या सासूच्या कमरेला, तसं आहे हे.

बोफोर्सचंच घ्या. १९८६ ला ४१० तोफांचा करार झाला, वर्षभरात दलालीचं प्रकरण बाहेर पडलं, सरकार हललं. दलाली खाणाऱ्यांना सोडा असं मी म्हणत नाही, पण त्या भानगडीची भीती अशी बसली की पुढे कोणी मंत्री मोठ्या तोफेच्या फाइलवर सही करायला तयार होईना. १९९९ ला कारगिलच्या युद्धात त्याच तोफांनी द्रासमध्ये टायगर हिल, तोलोलिंगवर जे काम केलं ते आम्हाला माहीत आहे, समोरच्या कड्यावर सरळ नेम धरून मारा. बोफोर्स नसती तर पायदळाचे अजून किती गेले असते कोण जाणे. तेव्हा लष्करप्रमुख जनरल मलिक पत्रकारांना म्हणाले होते की जे हाताशी आहे त्यानेच लढू. लोकांना ते वाक्य शूर वाटलं. आम्हाला त्यात काय दुखणं आहे ते कळलं.

आणि नवीन मोठी तोफ कधी आली? नोव्हेंबर २०१८, एम ७७७ आणि के ९ वज्र, तीही आपल्या देवळालीच्याच रेंजवर समारंभ करून घेतली. करारापासून बत्तीस वर्षं. यात काँग्रेस, भाजप, तिसरी आघाडी, सगळ्यांची सरकारं येऊन गेली, म्हणून कृपया कोणी एकाने कॉलर ताठ करू नये.

मिसळवाला_सिडको

सासूच्या कमरेच्या किल्ल्या __/\__ काका तुम्ही वाचनमात्र राहू नका.

ओझरकर

@देवळाली_तोफा काका, सलाम. कारगिलमध्ये एलओसी, म्हणजे काश्मीरमधली नियंत्रण रेषा, ओलांडायची नाही ही अट होती, तिच्याबद्दल तुमचं काय मत? आमच्या इथे हवाई दलवाले म्हणतात की त्या अटीमुळे विमानांना सोयीचे मार्ग मिळाले नाहीत, पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन मिग आणि एक एमआय १७ गेलं.

देवळाली_तोफा

मत विचाराल तर जवानाला ती अट तेव्हा कडूच लागली. खाली बसून वरच्या माणसावर चढायचं, आणि त्याची रसद मागून चालू. पण जगाने पाकिस्तानला तोंडघशी पाडलं ते आपण अट पाळली म्हणूनच, हे रिटायर झाल्यावर पटलं. ड्यूटीवर असताना पटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

गंगापूर_रोडवाला

यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. वाजपेयींनी जाहीर सांगितलं होतं की आपण एलओसी ओलांडणार नाही. जनरल मलिक यांनी अट मानली, पण त्यांना जाऊन सांगितलं की हे जाहीरपणे कायमचं म्हणू नका, उद्या गरज पडली तर मी काय करू. मग राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रजेश मिश्रांनी टीव्हीवर सांगितलं की आज तरी ओलांडत नाही, उद्याचं आज सांगता येत नाही. बस्स, एवढंच. जनरलने प्रेससमोर नाराजी दाखवली नाही, राजीनाम्याची धमकी नाही, आणि पंतप्रधानांनी ते इभ्रतीवर घेतलं नाही. थिमय्या-मेनन प्रकरण आणि हे शेजारी ठेवून बघा. आणि हो, हवाई दल वापरायला उशीर झाला त्यात फक्त सरकार नव्हतं, आर्मीला हेलिकॉप्टरं लगेच हवी होती आणि हवाई दलाचं म्हणणं सरकारची परवानगी आणल्याशिवाय नाही, यात आधीच बरेच दिवस गेले, २५ मेला परवानगी आणि २६ ला पहिले हल्ले. तिन्ही दलांची आपसातली रस्सीखेच आपण पुढाऱ्यांच्या नावावर टाकून मोकळे होतो.

सटाणकर

बरं मग एकाहत्तरच्या युद्धातले लष्करप्रमुख माणेकशॉ? त्यांनी तर इंदिराबाईंना तोंडावर सांगितलं की एप्रिलमध्ये लढणार नाही, राजीनामा घ्या हवा तर. तिथे सेनापती जिंकला ना? फ्री हँड म्हणजे काय ते तिथे बघा.

मेधा_कॉलेजरोड

माणेकशॉंची ती गोष्ट त्यांनी स्वतः नंतर भाषणांतून रंगवून सांगितलेली आहे आणि सांगायची हातोटी अशी की कोणालाही पटावी. पण सरकारचाही एप्रिलमध्ये लढाईचा पक्का बेत होता का, यावर अभ्यासकांना शंका आहे. लाखो निर्वासित येत होते, जगाला ते दाखवायचं होतं, ९ ऑगस्टला सोव्हिएतशी करार व्हायचा होता, पावसाळ्यात बंगालच्या नद्या फुगतात, हिवाळ्यात चीनच्या बाजूच्या खिंडी बर्फाने बंद होतात. थांबणं दोघांच्याही सोयीचं होतं. म्हणून मला ते ‘जनरलने बाईंना गप्प केलं’ असं वाटत नाही, दोघांचं जमलं असं वाटतं.

आणि त्यात नौदल विसरू नका. पासष्टला नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला जायचं नाही म्हणून बांधून ठेवलं, आणि पाकिस्तानी जहाजं द्वारकेवर तोफा डागून गेली. नौदलप्रमुख झालेल्या ॲडमिरल नंदांच्या मनात ते सलत होतं. एकाहत्तरला ते आधीच इंदिरा गांधींकडे गेले आणि विचारून घेतलं की कराचीवर हल्ला केला तर राजकीय अडचण आहे का. त्यांनी उलट विचारलं की असं का विचारताय, नंदांनी पासष्टचं सांगितलं, आणि परवानगी मिळाली. ४ डिसेंबरच्या रात्री मिसाइल बोटी कराचीवर. इथे हट्ट नाही, नाटक नाही, वेळेत विचारलेला एक प्रश्न.

शंकेखोर

एकाहत्तर इतकं आदर्श होतं तर ढाका घ्यायचंय हे मूळ आदेशात स्पष्ट का नव्हतं? खुलना आणि चितगाव घ्या असंच होतं ना? पूर्व कमांडचे जनरल जेकब तर आयुष्यभर त्यावरून बोलत राहिले. उद्दिष्ट नेता ठरवतो म्हणता, मग बाईंनी ढाका ठरवलं होतं की नव्हतं?

मेधा_कॉलेजरोड

हा प्रश्न रास्त आहे. सुरुवातीची योजना मोठा भूभाग घेऊन बांगलादेशचं सरकार बसवता येईल इथपर्यंतच होती असं दिसतं, ढाका लढाईच्या ओघात समोर आलं. त्यामुळे एकाहत्तरमध्ये सगळं आधीच लख्ख ठरलं होतं असं मीही म्हणणार नाही. ९३ हजार युद्धकैदी मिळाले की मागची धूसर पानं कोणी उलटत नाही.

सटाणकर

तुम्ही सगळे दिल्लीत अडकलात, आता आमच्या बागलाणात या. साल्हेर, १६७२. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोघांनी मिळून मोगलांना उघड्या मैदानात लोळवलं. मोरोपंत पेशवे होते बरं का, कारभारी माणूस, तरी घोड्यावर. तेव्हा असला नेता विरुद्ध सेनापती प्रश्नच नव्हता.

शंकेखोर

प्रश्न नव्हता? मग नेसरीची लढाई काय होती हो? त्याच प्रतापरावांनी उमराणीला विजापूरच्या बहलोलखानाला पाण्यावाचून कोंडलं आणि त्याने गयावया केल्यावर सोडून दिलं. शत्रूला सोडायचं की नाही हा राजकीय निर्णय, तो सरनौबताने परस्पर घेतला. खान उलटला. महाराजांनी खरमरीत पत्र पाठवलं, खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका. आणि फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव सहा स्वारांनिशी फौजेवर तुटून पडले. राज्याभिषेक चार महिन्यांवर असताना सरनौबत गेला. आता चूक कोणाची ते सांगा.

सटाणकर

महाराजांची चूक म्हणणार असाल तर इथेच थांबतो मी.

शंकेखोर

मी चूक नाही म्हटलं, विचारलं. आणि माझं मत विचाराल तर महाराजांचा राग शंभर टक्के बरोबर होता, सेनापतीला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारताना तो माणूस कसा आहे हेही बघावं लागतं, मानी माणसाला ‘तोंड दाखवू नका’ लिहिलं की तो तोंड दाखवत नाही. महाराजांना ते लागलं असणारच, प्रतापरावांच्या मुलीला त्यांनी राजारामांसाठी सून करून घेतली. आणि पुढे हंबीरराव मोहित्यांना नेमलं. तेव्हा भक्तीत कमी पडायची गरज नाही, पण प्रश्न तेव्हाही होता एवढंच म्हणतोय.

देवळाली_तोफा

शंकेखोर साहेब, हे चांगलं लिहिलंत. आमच्याकडेही असे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, पाहिले, एका मेमोने माणूस सुधारतो आणि दुसरा त्याच मेमोने वेडं धाडस करून बसतो.

मिसळवाला_सिडको

आता पानिपत येणार. येऊ द्या. नानासाहेबांचं पैठणचं लग्न कोण काढतंय?

ओझरकर

काढायलाच हवं ना, भाऊ तिकडे उपाशी फौज घेऊन पैशासाठी पत्रांवर पत्रं पाठवतोय, आणि डिसेंबर १७६० च्या शेवटी इकडे पेशव्यांचं लग्न. देवळालीच्या काकांचा किल्ल्यांचा मुद्दा तिथेही लागू.

मॉडरेटर

पानिपतावर आधीच बरेच धागे आहेत, तिकडे जावे. इथे विषयाला धरून.

गंगापूर_रोडवाला

बरोबर, पानिपत नको. बाहेरचं एक उदाहरण देतो, अमेरिकेच्या यादवी युद्धातलं. लिंकन. मॅक्लेलन हा जनरल फौज सुंदर तयार करायचा, शिपाई त्याच्यावर जीव टाकायचे, पण लढायची वेळ आली की शत्रू दुप्पट आहे म्हणून थांबायचा. लिंकनने वाट बघितली, विनवण्या केल्या, टपाल पाठवलं, शेवटी नोव्हेंबर १८६२ ला काढून टाकलं. नंतर ग्रँट सापडला तेव्हा मात्र लिंकनने बारीकसारीक विचारणं बरंच कमी केलं. म्हणजे तोच नेता, एका जनरलला मोकळीक जास्त, दुसऱ्याला कमी. विश्वास आधी कमवावा लागतो, मग मोकळीक. आपल्या फॉरवर्डमध्ये हे उलटं असतं, मोकळीक आधी आणि कोण कमांडर आहे ते बघायचंच नाही. कौलना बघा, त्यांना काय कमी मोकळीक होती? थेट पंतप्रधानांपर्यंत पोच होती, मधले सगळे वरिष्ठ ओलांडून.

सटाणकर

कौलचा मुद्दा मान्य. बाकी मान्य नाही. आज तरी बरं आहे म्हणायचं का? आता सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचे मिळून एक प्रमुख, आहेत, जानेवारी २०२० पासून, कारगिलनंतर मागणीने जोर धरला आणि वीस वर्षांनी पद आलं. तिन्ही दलांचं म्हणणं एका माणसाने संरक्षणमंत्र्यांपुढे ठेवायचं. मग तुमचा तो हवाई दल-आर्मीचा घोळ तरी संपेल.

देवळाली_तोफा

एकच माणूस बोलणार यात फायदा आहे आणि मला थोडी धास्तीही आहे. चौधरींच्या दारूगोळ्याच्या गोष्टीत शास्त्रींना दुसरं तोंड मिळालं असतं तर? तिन्ही चीफ वेगवेगळं बोलतात तेव्हा मंत्र्याला निदान कळतं की कुठेतरी मतभेद आहे. सीडीएसने सगळं गाळून एकच उत्तर वर नेलं तर मंत्री खूश होईल, पण वाद वरपर्यंत पोचणारच नाही. यशवंतराव रोज सकाळी तिन्ही प्रमुखांना एकत्र बसवायचे म्हणतात, ते त्यासाठीच असावं.

शंकेखोर

काका, थिएटर कमांड, म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच कमांडरखाली, झाल्या की प्रमुखांकडे प्रत्यक्ष लढाई राहणारच नाही, मग रोज सकाळी बसवायचं कोणाला?

ओझरकर

थिएटर कमांडवर वेगळा धागा काढा राव, त्यात हवाई दलाची बाजू मला लिहायची आहे आणि ती इथे अर्ध्या पानात मावणार नाही. शनिवारी काढतो, रविवारी आमच्याकडे लाइट जाते.